साइटवरचा बोर्ड कोणाचा?

एप्रिलच्या अंकात कूलरच्या टबाला करंट का उतरतो ते सांगताना मी शेवटी सहज लिहून गेलो होतो, की घरच्या कूलरपेक्षा मला बांधकामावरच्या एक्स्टेंशन बोर्डाची भीती जास्त वाटते. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकतो. बरीच पत्रं एकसारखी होती, म्हणून निवडक घेतली. काहींची भाषा सावरली, शिव्या गाळल्या.

नव्या वाचकांसाठी: मी नागपुरात ३४ वर्षं वायरिंगची कामं केली. आधी हेल्पर, मग तारतंत्रीचा परवाना, मग सुपरवायझर. गुडघ्यांनी शिडीला नाही म्हटलं तेव्हापासून हे सदर लिहितो.

प्रश्न : आमच्या घरावर दुसरा मजला चढतो आहे. ठेकेदाराने खालच्या हॉलमधल्या प्लगातून तीन बोर्ड एकाला एक जोडून लाईन वर नेली आहे. ब्रेकर (काँक्रीट फोडायचं मशीन) लावला की तो दमल्यासारखा चालतो. जिन्यात गुंडाळून पडलेली वायर हाताला गरम लागते. ठेकेदार म्हणतो, "उन्हाळा हाय साहेब, सगळंच गरम लागते." हे खरं का?
— एक घरमालक, बेसा

ठेकेदार अर्धं खरं बोलला. उरलेलं अर्धं तुमच्या जिन्यात पडलं आहे.

आधी वायर ओळखा. बाजारात तयार मिळणाऱ्या स्वस्त बोर्डाला बहुधा पाऊण एमएमची, म्हणजे पाऊण चौरस मिलिमीटर छेदाची, वायर असते. आम्ही जुने लोक तिच्या जवळपासच्या मापाला तेवीस-शहात्तर म्हणायचो, आत २३ बारीक तारा. टीव्ही, चार्जर, टेबलफॅन यांना ती पुरते. तुमचा ब्रेकर दीड हजार वॅटचा धरला तर तो साडेसहा अँपिअर ओढतो. एक बोर्ड १५ मीटरचा, तर तीन मिळून ४५. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून हिशेब ९० मीटर तांब्याचा. पाऊण एमएमच्या एवढ्या तारेचा विरोध साधारण २.३ ओहम. तिथे १५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि १०० वॅटच्या आसपास नुसती उष्णता होते. निम्मी वायर जिन्यात गुंडाळलेली असेल, तर त्या वेटोळ्याच्या पोटात पन्नासचा जुना पिवळा बल्ब पेटलेला आहे असं समजा. वायर पसरलेली असती तर ही ऊब हवेत निघून गेली असती. वेटोळ्यातून ती जाणार कुठे?

आता ठेकेदाराचं खरं अर्धं. पीव्हीसीचं कवच ७० अंशांपर्यंतच्या हिशेबाने बनवलेलं असतं. हवा ३२ अंश असेल तर वायरीला तापायला ३८ अंशांची मोकळीक मिळते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, आपल्याकडे ४६ असतं, तेव्हा मोकळीक उरते २४ ची. (आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ नोंदलं गेलं. २०२४ ची ती ५६ ची बातमी सेन्सर बिघडल्यामुळे आली होती. माझ्या शेजाऱ्यांची श्रद्धा मात्र अजून ५६ वरच आहे.) म्हणजे "उन्हाळा हाय" हे वायर गरम चालेल याचं कारण होत नाही. उन्हाळा आहे म्हणूनच ती अजून जाड हवी.

तुम्ही म्हणाल, जास्त झालं तर एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) पडेल की. नाही पडणार. हॉलच्या प्लगामागे १६ चा एमसीबी असेल तर साडेसहा अँपिअरला तो हूं की चूं करणार नाही. तो भिंतीतल्या अडीच एमएमच्या वायरीची राखण करायला बसवला आहे. प्लगाच्या पुढे कुणी काय शेपूट जोडलं, त्याला काय ठाऊक! मऊ झालेल्या कवचात, दाब पडेल त्या जागी, आतल्या तारा हळूहळू सरकतात आणि एक दिवस एकमेकींना भेटतात. तेव्हा मात्र एमसीबी पडतो. तोवर शेजारी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या असल्या, तर त्या पेटलेल्या असतात.

ब्रेकर बिचारा कमी व्होल्टेजला नुसता दमतो. पाण्याच्या पंपाची मोटर उलट वागते. व्होल्टेज कमी मिळालं की तेवढंच पाणी चढवायला ती जास्त करंट ओढते, त्याने वायर अजून तापते, व्होल्टेज अजून पडतं. तो पंप या तीन बोर्डांवर कृपा करून लावू देऊ नका.

काय करायचं? एकच अखंड वायर घ्या. तीन कोअर (आत तीन तारा), अडीच एमएम, शक्यतो रबरी, कारण आपल्या उन्हात साधी पीव्हीसी दोन मोसमांत कडक होऊन चिरते. दोन्ही टोकांना १६ अँपिअरची औद्योगिक पिन आणि सॉकेट, ती निळी, झाकणाची. त्याच ४५ मीटरला मग पाच व्होल्टसुद्धा पडत नाहीत. वायर उरली तरी वेटोळं करायचं नाही, नागमोडी पसरायची. आणि सगळ्यात आधी महावितरणकडून बांधकामाची तात्पुरती जोडणी घ्या, म्हणजे हॉलचा प्लग सुटेल.

अजून एक करा. ठेकेदाराला विचारा, हे बोर्ड कोणाचे? तो म्हणेल, "साइटचे." गेली ३४ वर्षं मी हेच उत्तर ऐकतो आहे. मिक्सर ठेकेदाराचा असतो, थापी मिस्त्रीची असते, घमेलंसुद्धा ज्याच्या डोक्यावर त्याचं असतं. बोर्ड तेवढा साइटचा. त्याला सकाळी कुणी उलटून बघत नाही, संध्याकाळी कुणी उचलून ठेवत नाही. तुमच्या घरापुरता तरी एक माणूस नेमा आणि त्याला सगळ्यांसमोर सांगा, की हा बोर्ड तुझा.

प्रश्न : काका, मी आयटीआय करून वाठोड्याच्या एका साइटवर लागलो आहे. पाऊस आला की आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) सारखा पडतो. ठेकेदार म्हणतो, "काढून टाक बे त्याले, काम थांबते. अर्थिंग हाय ना आपली." काढला नाही तर तो मलाच काढेल. काय करू?
— एक शिकाऊ वायरमन

काढू नको. पण "सरांनी शिकवलं होतं" असं सांगशील तर तो हसेल, म्हणून हिशेब घेऊन जा.

साइटवर ठोकलेल्या अर्थिंगच्या रॉडचा विरोध २० ओहम निघाला, तर ठेकेदार खूश होईल. आता पंपाच्या बॉडीला फेज लागला असं धर. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. मागे एमसीबी १६ चा. तो पडेल? जन्मात नाही. म्हणजे अर्थिंग असून, एमसीबी असून, पंपाची बॉडी दोनशेच्या वर व्होल्ट घेऊन बसली आहे, आणि मीटर आरामात फिरतो आहे. ओल्या हातापायांच्या माणसाच्या शरीराचा विरोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. त्याच्यातून दोनशे मिलीअँपिअर जाऊ शकतात. दहा-पंधराच्या पुढे मूठ आपली आपल्याला उघडता येत नाही, एवढं लक्षात ठेव.

आणि २० ओहम हे फार चांगलं धरलं मी. तुमच्या भागात काळी माती. पावसात ती ओली असते तेव्हा अर्थिंग बरी मिळते. मे महिन्यात तिला हाताएवढ्या भेगा पडतात. तेव्हा रॉड हलवून बघ, दुधाच्या दातासारखा हलतो. पश्चिमेकडे, जिथे मुरूम आणि खाली काळा दगड आहे, तिथे वेगळीच रड. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून रोज दोन बादल्या पाणी ओतणारी साइट मी फार क्वचित पाहिली.

आरसीसीबीला या सगळ्याशी घेणंदेणं नाही. फेजमधून किती गेला आणि न्यूट्रलमधून किती परत आला, एवढंच तो सराफाच्या काट्यासारखा तोलत बसतो. फरक ३० मिलीअँपिअरला पोचला की लाईन तोडतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. अर्थिंग हजार ओहमची असली तरी तो पडेल. झटक्याच्या बाबतीत त्याच्याकडून होत नाही ते एकच. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरून कोरड्या फळीवर उभा राहिलास, तर त्याच्या लेखी तू एक बल्ब आहेस.

म्हणजे पावसात तो पडतो तेव्हा तो बिघडलेला नसतो, चुगली करत असतो. कोणाची, ते शोधायचं. सगळे बोर्ड काढ, आरसीसीबी चढव. राहिला? मग एकेक बोर्ड लाव, आधी मशीन न लावता. ज्या बोर्डाला पडला तो बाजूला, त्याच्यावर खडूने फुली. मग मशीनं एकेक. संशयिताला वाळवून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मार, ५०० व्होल्टचा. एक मेगाओहमच्या खाली आला तर तो बोर्ड परत लाईनवर जाणार नाही. दहातल्या आठ वेळा चोर निघतो तो जमिनीवर पडलेला उघडा लाकडी बोर्ड, स्विचमागे पाणी आणि सिमेंटचा गिलावा झालेला, किंवा टेपचा जोड.

एक चोर मात्र वरच्या डब्यातच असतो. आरसीसीबीच्या पुढचा न्यूट्रल कुणीतरी अर्थला किंवा दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला बांधलेला असतो. मग तो कोरड्या दिवशीही पडतो आणि सगळे त्यालाच शिव्या घालतात. काही दीडशहाणे तर अर्थची वायर नाही म्हणून मशीनची बॉडी न्यूट्रललाच जोडतात. तो न्यूट्रल मागे कुठे तुटला की अख्खी बॉडी जिवंत. हे कुठे दिसलं तर काम सोड, पण चालू करू नको.

रंगांचंही सांभाळ. आपल्या जुन्या थ्री-फेजच्या सवयीत निळा म्हणजे फेज आणि काळा न्यूट्रल. आता येणाऱ्या तीन कोअरच्या लवचीक वायरीत तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल असतो. साठीचा वायरमन आणि विशीचा हेल्पर एकाच डब्यात हात घालतात तेव्हा या निळ्यावरून घोळ होतो. रंगावर जाऊ नको, टेस्टर लाव.

ठेकेदाराला शेवटी एवढंच सांग, की आरसीसीबीचं टेस्ट बटण मी रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी दाबीन आणि पाऊस लागायच्या आत खराब बोर्ड शोधून ठेवीन, म्हणजे तुमचं काम थांबणार नाही. तरी काढ म्हणाला, तर त्यालाच स्वतःच्या हाताने काढायला सांग. माझ्या अनुभवात यावर बहुतेकांचा हात खिशातच राहतो.

प्रश्न : मी साइट इंजिनिअर आहे. स्लॅबच्या दिवशी काम रात्री उशिरापर्यंत चालतं. व्हायब्रेटर (ओलं काँक्रीट दाबून बसवायचं मशीन) आणि हॅलोजनच्या वायरी सळयांच्या जाळीवरून जातात, लोक अडखळतात. त्या बाइंडिंग वायरने सळयांना बांधून घ्याव्यात असं सुपरवायझर सुचवतो. चालेल का? आणि टिप्परच्या रस्त्यावरून जाणाऱ्या वायरीवर नुसत्या फळ्या टाकून भागेल का?
— एक वाचक, हिंगणा रोड

ताई, नको. बाइंडिंग वायर म्हणजे पिळली की सुरी. ती कवचात रुतते, आणि रुतलेली वरून दिसत नाही. पण एवढ्यावर तुमचं उत्तर संपत नाही, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. मी ती फारशी सांगत नाही.

१९९४ चा ऑगस्ट. वर्धा रोडला एका इमारतीचा स्लॅब. व्हायब्रेटरचा बोर्ड मी बनवला होता. वायर दहा मीटर कमी पडली. दुकानं बंद झाली होती, म्हणून घरातल्या तुकड्याचा जोड दिला आणि वर काळी टेप गुंडाळली. जोड परांचीच्या लाकडावर ठेवला, म्हणजे जाळीला लागणार नाही. माझं डोकं तिथवर चाललं. रात्री नऊनंतर भुरभुर सुरू झाली. व्हायब्रेटरवाला एका कॉलमकडून दुसऱ्याकडे सरकला, त्याच्यामागे वायर ओढली गेली, आणि जोड लाकडावरून उतरून जाळीवर आला.

जाळीतली प्रत्येक सळई दुसरीला बांधलेली असते. एक जिवंत झाली की सगळी जाळी जिवंत. वर पंधरा-वीस माणसं होती, काही अनवाणी, आणि कुणाला काही कळलं नाही. तारेवर बसलेल्या चिमणीला कळत नाही तसंच. सगळे एकाच व्होल्टेजवर उभे. फ्यूज उडायला हवा होता, पण किटकॅटमध्ये (जुन्या चिनीमातीच्या फ्यूजमध्ये) कुणीतरी जाड तार घालून ठेवली होती, "सारखा जाते" म्हणून.

मग माझा हेल्पर खालून चहा घेऊन आला. लोखंडी शिडी, तिचे पाय चिखलात. एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने त्याने आधाराला सळई पकडली. ती मूठ उघडेना. तो ओरडलाही नाही. किटली पडल्याचा आवाज आला म्हणून आम्ही वळलो. मी मेनकडे धावलो, तर मेनसमोर पावसातून वाचवायला सिमेंटच्या गोण्या रचलेल्या. तीन गोण्या हटवल्या तेव्हा हँडलला हात पोचला.

तो वाचला. आज स्वतःची कामं घेतो, माझ्यापेक्षा चांगली घेतो. उजव्या हाताची दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. त्या रात्री मला सगळ्यांनी पाणी विचारलं, घरी सोडू का विचारलं. बोर्ड कोणी बनवला, हे कुणीही विचारलं नाही. आठवडाभर मी वाट बघितली. मग मीच जाऊन सांगितलं. मालक म्हणाला, "जाऊ द्या हो, साइटवर होते असं."

तेव्हा ताई, स्लॅबच्या दिवशी जाळीवर वायर नको, एवढं धरून बाकीचं ठरवा. कडेने बांबू उभे करा, डोक्यापेक्षा वर लाकडी किंवा प्लास्टिकच्या हुकांवरून वायरी न्या, आणि जिथे काम तिथेच खाली सोडा. व्हायब्रेटरची वायर सरकणारच, म्हणून तिच्यात एकही जोड नको आणि तिला स्वतंत्र ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवा. हॅलोजन काढून एलईडी लावा. ५०० चे चार हॅलोजन म्हणजे दोन किलोवॅट ओझं आणि वर कडक तापलेली काच, पावसाचा थेंब पडला की तडकते. व्हायब्रेटरवाल्याला गमबूट द्या. आणि कुणाच्या गोण्या असोत, मेनसमोरची दोन हात जागा रिकामी ठेवा. त्यासाठी भांडण झालं तरी करा.

तुम्ही टिप्परच्या रस्त्याचंही विचारलं आहे. वायर रस्ता ओलांडत असेल तर जाड लोखंडी (जीआय) पाइपातून जमिनीखालून न्या. वर फळ्या टाकून भागत नाही. दुसऱ्या फेरीला फळी सरकते.

प्रश्न : मी फरशीचं काम करतो. मूळचा बालाघाटचा, वीस वर्षं नागपुरात. कटरची पिन तुटली तर आम्ही वायर सोलून प्लगात घालतो आणि माचिसची काडी खोचतो. अजून काही झालं नाही. आणि ग्राइंडरला दोनच पिना येतात, मग तिसरीचा एवढा बाऊ कशाला? चांगला बोर्ड मागितला तर मालक म्हणतो, स्वतःचा आण.
— एक मिस्त्री, कळमना

मिस्त्री, वीस वर्षं काही झालं नाही याचं श्रेय काडीला देऊ नका. काडीने तार भोकात टेकते, आवळली जात नाही. तेवढ्या सैल जागी ठिणग्या पडतात, तांबं काळं पडतं, मग अजून तापतं. तुमच्या हातात काडी असते ती आग लावायचीच वस्तू, हे वेगळं सांगायला नको. शिवाय सोललेल्या दोन तारा घालताना तिसरी, हिरवी, तुम्ही मागे दुमडून टाकता. खरं ना?

ग्राइंडरचं बरोबर पकडलंत. त्याच्या पाटीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह बघा. ते असेल तर आतून दुहेरी इन्सुलेशन आहे, त्याला अर्थ लागत नाही, म्हणून दोन पिना. पण पाणी सोडून फरशी कापायच्या टेबल कटरला, पंपाला, व्हायब्रेटरला तिसरी हवीच. ती पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, म्हणजे घालताना आधी अर्थ जोडला जातो आणि काढताना शेवटी सुटतो.

आता "स्वतःचा आण". कायद्याने सुरक्षित बोर्ड पुरवणं हे काम देणाऱ्याचं आहे. २०२५ पर्यंत लागू असलेला १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा त्याच्याकडेच बोट दाखवत होता. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात तुमची नोंदणी नसेल तर करून घ्या. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला, एवढ्यावर होते. हे सगळं खरं असूनही माझा खासगी सल्ला वेगळा आहे: स्वतःचा आणाच. मी पाहिलेले सगळ्यात नीटनेटके बोर्ड फरशीवाल्या मिस्त्रींचेच होते. झाकणाचं सॉकेट, अडीच एमएमची वायर, दहा मीटर, आणि संध्याकाळी पुसून पिशवीत. साइटचा बोर्ड कुणी ओळखत नाही. तुमचा बोर्ड तुम्ही ओळखाल. त्याचे पैसे मात्र रेटमध्ये धरा.

प्रश्न : करंट लागून कुणी चिकटला तर नेमकं काय करायचं?
— चार पत्रं

हात लावायचा नाही. मेन बंद. मेन लांब असेल तर कोरड्या फळीवर उभं राहून कोरड्या लाकडी बल्लीने वायर दूर सारायची. ओली बल्ली, सळई, पाइप नाही. सुटल्यावर हाक मारून बघा. उत्तर नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर १०८ ला फोन करायला एकाला सांगा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, गाडी येईपर्यंत न थांबता. तळवे चोळणं, शेणात किंवा रेतीत पुरणं, यात जाणारा वेळ परत मिळत नाही. उठून बसला, "काही नाही झालं" म्हणाला, तरी दवाखान्यात न्या. हृदयाची लय नंतरही बिघडू शकते.

प्रश्न : माझा पुतण्या इंग्लंडात बांधकामावर आहे. तो सांगतो, तिथे मशीनं ११० व्होल्टवर चालतात. आपल्याकडे का नाही?
— एक निवृत्त शिक्षक, महाल

पुतण्या बरोबर सांगतो. तिथे साइटवर पिवळ्या रंगाचा ट्रान्सफॉर्मर असतो, आणि त्याचा मधला बिंदू अर्थला जोडलेला असतो. म्हणून कुठल्याही एका तारेला हात लागला तरी जमिनीच्या मानाने ५५ व्होल्टच मिळतात. सुंदर व्यवस्था आहे. पण त्यासाठी मशीनंही ११० ची लागतात, आणि आपला सगळा बाजार २३० चा. आपल्याकडे ती जागा हळूहळू बॅटरीची मशीनं घेत आहेत. ड्रिल आणि छोट्या ग्राइंडरला आता वायर लागत नाही. ब्रेकर आणि व्हायब्रेटर अजून बऱ्याच साइटवर वायरीवरच आहेत, म्हणून बोर्डाचं दुखणं इतक्यात जात नाही.

प्रश्न : एप्रिलच्या लेखातली तुमची ती ओळ वाचून आमच्या साइटवर प्रत्येक बोर्डाला एक माणूस नेमला. आता बोर्डावर नाव कसं टाकावं? पोरं खिळ्याने कोरतात.
— एक सुपरवायझर, बेलतरोडी

खिळा बंद करा, पोरं कोरता कोरता झाकणाला भोक पाडतील. पिनेजवळ वायरीवर पांढरी टेप, तिच्यावर मार्करने नाव, वरून पारदर्शक टेप. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येकाने आपला बोर्ड उघडून दाखवायचा: स्क्रू आवळलेले, हिरवी जागेवर, वायर टोकापासून टोकापर्यंत हातातून काढलेली. पास झाला की त्या महिन्याच्या रंगाची टेप. ज्याच्यावर या महिन्याचा रंग नाही तो बोर्ड लाईनवर नाही, मग नाव कोणाचंही असो. जूनला पिवळी, जुलैला जांभळी, ऑगस्टला नारिंगी चालेल. हिरवी कुठल्याच महिन्याला देऊ नका. हिरवी दिसली की पोरं अर्थिंग समजतात.